कागदावरचे कण आणि खाणीतले कण

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

मूलकणांचं शास्त्र म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दोन चित्रं येतात. एक, फळ्यावर न संपणारी समीकरणं लिहिणारा विस्कटलेल्या केसांचा माणूस. आणि दुसरं, जमिनीखालच्या बोगद्यातलं मैलोन्‌मैल पसरलेलं यंत्र. ही दोन माणसं वेगळी, त्यांच्या जाती वेगळ्या, अशीच आपली समजूत असते. आपल्याकडे तर एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला पहिला प्रश्न हाच विचारतात, ‘थिअरी करणार की एक्सपेरिमेंट?’ आणि थिअरी म्हणणाऱ्याकडे जरा जास्त आदरानं पाहतात. हाताला तेल लागणारं काम कमी प्रतीचं, ही आपली जुनी खोड विज्ञानातही शिरली आहे.

पण हे शास्त्र प्रत्यक्षात शिकलं गेलं कसं, हे पाहायला गेलं तर गोष्ट निराळीच दिसते. त्यातली एक गोष्ट आज सांगायची आहे. ती केंब्रिजमध्ये सुरू होते, दार्जिलिंगवरून मुंबईच्या पेडर रोडवर येते आणि कोलारच्या सोन्याच्या खाणीत सुमारे पावणेतीन किलोमीटर खोल उतरते.

होमी भाभा हे नाव आपल्याला माहीत असतं ते अणुभट्टीमुळे. तुर्भ्याच्या त्या घुमटामागे त्यांचं आधीचं काम झाकून गेलं आहे. ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत जन्मलेले भाभा १९२७ साली केंब्रिजला गेले ते मेकॅनिकल इंजिनिअर होण्यासाठी. मुलानं परत येऊन टाटांच्या पोलाद कारखान्यात काम करावं, अशी घरची अपेक्षा. मुलाचं मन मात्र भौतिकशास्त्रात गुंतलेलं. वडिलांनी तोड काढली, आधी इंजिनिअरिंगमध्ये पहिला वर्ग मिळव, मग गणित शिकायला पैसे देतो. भाभांनी १९३० साली तो वर्ग मिळवला आणि १९३२ साली गणितातही मिळवला. यंत्र उघडून पाहायची सवय असलेला माणूस गणिताकडे वळला, ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. पुढे त्याचा उपयोग झाला.

वेळ मोठी नामी होती. पॉल डिरॅक यांनी १९२८ साली इलेक्ट्रॉनचं समीकरण मांडलं होतं. त्या समीकरणातून एक नको असलेलं उत्तर निघत होतं, इलेक्ट्रॉनसारखाच पण धन विद्युतभाराचा कण. असा कण कोणी पाहिला नव्हता. १९३२ साली कॅलिफोर्नियात कार्ल अँडरसन यांना तो क्लाउड चेंबरमध्ये दिसला. क्लाउड चेंबर म्हणजे ओलसर हवेनं भरलेली काचेची पेटी. हवा एकदम प्रसरण पावू दिली की ती थंड होते आणि कण जिथून गेला असेल तिथे बारीक थेंबांची रेघ उमटते. उंच आकाशात विमान गेल्यावर मागे पांढरी रेघ उरते ना, तसंच काहीसं. अँडरसन काही डिरॅकचं समीकरण तपासायला बसले नव्हते. ते आकाशातून येणाऱ्या किरणांची छायाचित्रं घेत होते. पुढच्याच वर्षी केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत ब्लॅकेट आणि ऑकिआलिनी यांनी या कणांच्या जोड्या जन्मताना दाखवल्या. पॉझिट्रॉन खरा ठरला.

भाभा त्या गावात, त्या वर्षांत होते. एका बाजूला डिरॅक आणि दुसऱ्या बाजूला ब्लॅकेट. पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनवर आदळला तर काय होईल, याचं गणित त्यांनी १९३५ साली केलं. ते पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालं. आजही इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आपटणाऱ्या यंत्रांत, टकरी किती झाल्या हे मोजायला हेच सूत्र वापरतात. त्याला ‘भाभा स्कॅटरिंग’ असंच नाव आहे. पण माझ्या मते त्यांचं त्या काळातलं खरं मोठं काम ते नव्हे. ते दुसरं आहे आणि त्याची सुरुवात एका इटालियन माणसाच्या हट्टातून झाली.

ब्रूनो रॉसी यांनी एक अगदी साधा प्रयोग केला होता. तीन गायगर काउंटर त्रिकोणात मांडायचे, असे की एकच कण सरळ रेषेत जाऊन तिघांतूनही पार होऊ शकणार नाही. वर शिशाचा पत्रा ठेवायचा. तिन्ही काउंटर एकाच क्षणी वाजले, तर एकापेक्षा अधिक कण एकदम आले असा अर्थ. शिसं जाड करत गेलं तर कण अडतील, मोजणी कमी होईल, असं कोणीही म्हणेल. पण ती वाढली! शिसं सुमारे दीड सेंटिमीटर होईपर्यंत वाढत गेली आणि मग उतरली. रॉसींचा हा निबंध पहिल्या नियतकालिकानं छापायला नकार दिला, कारण संपादकांना तो विश्वास ठेवण्याजोगा वाटला नाही. शेवटी हायझेनबर्ग यांनी शब्द टाकल्यावर तो दुसरीकडे छापला गेला.

या विचित्र आलेखाचा अर्थ १९३७ साली भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी लावला. त्याच वर्षी अमेरिकेत कार्लसन आणि ओपेनहायमर यांनीही स्वतंत्रपणे तोच लावला. अर्थ असा. जोरदार इलेक्ट्रॉन शिशाच्या अणुकेंद्राजवळून जाताना एक प्रकाशकण टाकतो. तो प्रकाशकण पुढे इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनची जोडी निर्माण करतो. ते दोघे पुन्हा प्रकाशकण टाकतात. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. बुद्धिबळाच्या पटावर तांदळाचे दाणे ठेवायची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते, तसं. मात्र इथे राजाचं कोठार मर्यादित आहे. मूळ कणाची ऊर्जा वाटली जाते, प्रत्येकाच्या वाट्याला कमी कमी येते आणि एका टप्प्यानंतर नवे कण निर्माण होईनासे होतात. म्हणून मोजणी आधी चढते, मग उतरते. शिशात हा एकेक टप्पा सुमारे अर्ध्या सेंटिमीटरचा, तर जमिनीलगतच्या हवेत साधारण ३०० मीटरचा. तोच हिशेब वातावरणालाही लागू पडला. वर एक कण आदळतो आणि खाली कणांचा वर्षाव होतो.

रॉसींच्या आलेखाशिवाय भाभा आणि हाइटलर यांना हे गणित करायचं कारणच पडलं नसतं. आणि गणिताशिवाय रॉसींचा आलेख एक चमत्कारिक नोंद म्हणून राहिला असता.

आता गंमत पुढेच आहे. गणित बरोबर म्हटलं की न जुळणारी गोष्ट उठून दिसते. काही कण एक एक मीटर जाड शिशातून वर्षाव न करताच पार होत होते. इलेक्ट्रॉनला हे शक्यच नव्हतं. म्हणजे एक तर गणित चूक, नाही तर हे कण इलेक्ट्रॉन नव्हेत, त्याच्यापेक्षा जड असं काही तरी आहे. अँडरसन आणि नेडरमेयर यांनी १९३७ साली तसा कण असल्याचा पुरावा प्रसिद्ध केला. इलेक्ट्रॉनहून जड, प्रोटॉनहून हलका. त्याचं नाव ठेवलं ‘मेसोट्रॉन’. भाभांनी १९३९ साली ‘नेचर’ नियतकालिकात लिहिलं की, ग्रीक भाषेत मधल्याला ‘मेसो’ म्हणतात, मग त्यात ‘ट्र’ कशाला? ‘मेसॉन’ पुरे. तेच टिकलं. पारशी मुंबईकरानं केंब्रिजच्या मंडळींना ग्रीक शिकवलं म्हणायचं!

त्याच सुमारास, १९३८ साली, भाभांनी आणखी एक गोष्ट लिहिली. हा कण अस्थिर असेल तर तो वेगानं धावताना उशिरा मोडेल, कारण आइन्स्टाइनच्या सापेक्षतेप्रमाणे धावत्या घड्याळाचा वेळ सावकाश जातो. म्हणजे हा कण हेच एक घड्याळ. आज आपल्याला माहीत आहे की, म्युऑन नावाचा हा कण स्थिर असताना सरासरी २.२ मायक्रोसेकंद जगतो. प्रकाशाच्या वेगानं धावूनही तेवढ्या वेळात तो ६६० मीटर जाईल. पण तो जन्मतो १५ किलोमीटर उंचीवर आणि तरी आपल्यापर्यंत पोहोचतो. या क्षणी तुमच्या पालथ्या हातातून सेकंदाला साधारण एक म्युऑन जातो आहे, तो या सवलतीमुळेच. रॉसी आणि हॉल यांनी १९४१ साली कोलोरॅडोत, डेन्व्हर आणि डोंगरावरच्या एको लेक या दोन उंचींवर मोजणी करून हे दाखवून दिलं.

पण मेसॉनचा घोळ अजून संपायचा होता. हिदेकी युकावा या जपानी तरुणानं १९३५ साली कागदावर एक कण मांडला होता. अणुकेंद्राला एकत्र बांधून ठेवणारा, इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०० पट जड. अँडरसनचा कण त्या वजनाचा निघाला आणि सगळ्यांनी मान डोलावली, युकावांचा कण सापडला! तो नव्हता. हे कळायला दहा वर्षं लागली आणि त्या दहा वर्षांत एक भारतीय पान आहे, जे आपण फारसं उलगडत नाही.

कलकत्त्याच्या बोस इन्स्टिट्यूटमध्ये देवेंद्रमोहन बोस आणि त्यांची विद्यार्थिनी विभा चौधुरी यांनी काचेवरच्या फोटोग्राफिक थरात या कणांच्या वाटा पकडायचं ठरवलं. क्लाउड चेंबर क्षणभरच जागा असतो, फोटोची काच महिनोन्‌महिने जागी राहते. दार्जिलिंगला आणि त्याहून उंच संदकफूला त्यांनी काचा ठेवल्या. त्या उतरवून सूक्ष्मदर्शकाखाली, कणाची वाट किती वेळा वळते आणि तिच्यावर चांदीचे दाणे किती दाट आहेत, हे मोजत बसले. त्यावरून वजनाचा अंदाज बांधला, इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०० पट. १९४१ आणि १९४२ साली ‘नेचर’मध्ये हे छापून आलं. अधिक अचूक मोजायला अधिक संवेदनशील काचा हव्या होत्या. महायुद्ध चालू होतं, त्या भारतात मिळेनात. काम थांबलं.

इकडे रोममध्ये कॉन्व्हर्सी आणि पिच्चोनी यांनी बॉम्बहल्ल्यांपासून वाचण्यासाठी आपली उपकरणं एका शाळेच्या तळघरात नेऊन ठेवली होती. पुढे पान्चिनीही त्यांना येऊन मिळाले. त्यांचा प्रश्न साधा होता. ऋण भाराचा मेसॉन कार्बनमध्ये थांबला तर अणुकेंद्र त्याला गिळतं की तो आपला आपण मोडतो? युकावांचा कण असेल तर गिळलाच पाहिजे. तो मोडला! १९४७ साली हे प्रसिद्ध झालं आणि सिद्धांतवाल्यांची झोप उडाली. त्याच वर्षी ब्रिस्टलला सेसिल पॉवेल, ऑकिआलिनी, लॅटेस आणि म्युइरहेड यांनी नव्या, सुधारित फोटोग्राफिक थरांमध्ये दोन वेगळे कण दाखवले. एक जड कण थांबतो आणि त्यातून दुसरा, थोडा हलका निघतो. पहिला पायॉन, इलेक्ट्रॉनच्या २७३ पट. तोच युकावांचा. दुसरा म्युऑन, २०७ पट. त्याची कोणाला गरजच नव्हती. हा कण मागवला कोणी, असा इसिडोर राबी यांचा प्रश्न प्रसिद्धच आहे.

पॉवेल यांना १९५० सालचं नोबेल मिळालं. बोस आणि चौधुरी यांच्या पद्धतीची दखल त्यांनी आपल्या ग्रंथात घेतली. कलकत्त्याच्या काचांवर पायॉन आणि म्युऑन वेगळे ओळखता आले नसते हे खरं, तेव्हा आमचं नोबेल हिरावलं असा गळा काढण्यात अर्थ नाही. पण कल्पना होती, डोंगर होता, चिकाटी होती. कमी पडली ती काच. शास्त्रात सामग्रीचं महत्त्व किती, हे यातून जितकं कळतं तितकं कुठल्या धड्यातून कळणार नाही. विभा चौधुरी पुढे मँचेस्टरला ब्लॅकेट यांच्याकडे गेल्या आणि परत येऊन १९४९ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाल्या. तिथल्या त्या पहिल्या स्त्री संशोधक. २०१९ साली एका ताऱ्याला ‘विभा’ हे नाव देण्यात आलं.

ही संस्था कशी आली? भाभा १९३९ साली सुट्टीवर मायदेशी आले होते. युद्ध सुरू झालं आणि परत जाता येईना. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, जिथे सर सी. व्ही. रामन होते, त्यांनी वैश्विक किरणांचा छोटा विभाग सुरू केला. इथे एक मोठा बदल झाला. केंब्रिजला असताना प्रयोगाचे आकडे शेजारच्या इमारतीतून मिळत. बंगलोरला ते कोण देणार? या सिद्धांतवाल्या माणसानं मग स्वतःच काउंटर जुळवायला घेतले. युद्धामुळे भारतात आलेल्या अमेरिकी हवाई दलाच्या विमानातून आपली उपकरणं सुमारे ३० हजार फुटांवर पाठवली आणि मेसॉन मोजले.

यात भूगोलाची एक मोठी सोय होती. पृथ्वीचं चुंबकत्व आकाशातून येणाऱ्या भारित कणांना वळवून परत पाठवतं. चुंबकीय विषुववृत्तापाशी ही गाळणी सर्वांत कडक असते आणि ते विषुववृत्त दक्षिण भारतातून जातं. म्हणजे आपल्याकडे पोहोचतात ते फक्त जोरदार कण, निवडून आलेले. काश्मीरपासून केरळपर्यंत गेलं की गाळणीची जाळी बदलत जाते. श्रीमंत देश कणांना वेग देण्यासाठी यंत्रं बांधत होते, आपल्याला आकाश फुकट पुरवठा करत होतं. गरीब देशानं मूलकणांचं शास्त्र कुठून सुरू करावं, याचं उत्तर भाभांना इथे मिळालं असावं.

१२ मार्च १९४४ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहिलं. १ जून १९४५ रोजी संस्था बंगलोरला सुरू झाली आणि त्याच डिसेंबरात मुंबईत आली, पेडर रोडवरच्या ‘केनिलवर्थ’ बंगल्यात. हा भाभांच्या नात्यातला बंगला. ज्या घरात ते जन्मले, तिथेच संस्था भरली. १९४९ साली ती गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात गेली आणि १९६२ साली कुलाब्याच्या टोकाला, समुद्रावरच्या आजच्या इमारतीत.

तिथे गणितवाले, सिद्धांतवाले आणि वैश्विक किरणवाले एका छपराखाली होते. सिद्धांताच्या बाजूला भालचंद्र माधव उदगावकर यांच्यासारखे लोक होते. उदगावकरांनी १९६२ साली मरे गेल-मान यांच्याबरोबर, जोरदार प्रोटॉन अणुकेंद्रावर आदळल्यावर काय दिसावं, याचा निबंध लिहिला. हेच उदगावकर मराठी विज्ञान परिषदेचे अध्यक्ष होते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. प्रयोगाच्या बाजूची स्थिती मात्र बिकट. विकत काही मिळत नसे. काउंटरच्या नळ्या काच फुंकून घरीच करायच्या, त्यांचे विद्युतमंडल घरीच जोडायचे, फुग्यांसाठी प्लॅस्टिकचे पट्टेही आपणच जोडायचे. यातून एक अख्खी पिढी इलेक्ट्रॉनिक्स शिकली.

त्या पिढीतले बी. व्ही. श्रीकांतन १९४८ साली संस्थेत आले. भाभांनी त्यांना सांगितलं, कोलारच्या खाणीत जा आणि निरनिराळ्या खोलीवर म्युऑन मोज. त्यामागचं गणित सरळ होतं. खडक हीसुद्धा एक गाळणी आहे. जितकं खोल जावं, तितके अधिक जोरदार म्युऑनच तिथवर पोहोचतात. प्रत्येक खोलीवर किती पोहोचले हे मोजलं की, वर आकाशात कुठल्या ऊर्जेचे किती होते, हे काढता येतं. आणि कोलारची चॅम्पियन रीफ खाण ३ किलोमीटरहून अधिक खोल, जगातल्या सर्वांत खोल खाणींपैकी एक.

खाणीत काम करणं म्हणजे काय, ते प्रयोगशाळेत बसून समजत नाही. पिंजऱ्यात बसून उतरायचं, एका ठिकाणी पिंजरा बदलायचा, मग बोगद्यातून चालायचं. खडक तापलेला, हवा दमट. अधूनमधून खडकाचा दाब सुटून स्फोटासारखा आवाज होतो आणि बोगदे ढासळतात. खाणकामगार यात जन्म काढत, प्राणही गमावत. नाजूक उपकरणं या हवेत टिकवायची, तारांवर ओल धरू द्यायची नाही, आणि मोजणी सुरू ठेवायची. खाणीतल्या माणसांच्या मदतीशिवाय यातलं काही होणं शक्य नव्हतं. त्यांची नावं निबंधांत येत नाहीत.

मोजणी खोल खोल गेली. १९६०च्या सुमारास जपानच्या ओसाका सिटी विद्यापीठातले सबुरो मियाके मुंबईला येऊन या कामात सामील झाले. मियाके, नरसिंहम आणि रमण मूर्ती यांनी सर्वांत खोल ठिकाणी, सुमारे पावणेतीन किलोमीटरवर, उपकरण लावलं. सुमारे दोन महिने वाट पाहिली. एकही म्युऑन आला नाही.

दोन महिन्यांचं काम आणि हातात शून्य. एखाद्यानं उपकरण गुंडाळून वर आणलं असतं. पण हा शून्य फार मोलाचा होता आणि तो मोलाचा आहे हे ओळखायला सिद्धांत माहीत असावा लागतो. मॉस्कोत मार्कोव्ह आणि अमेरिकेत ग्रायसन यांनी १९६०च्या सुमारास लिहून ठेवलं होतं की, वातावरणात पायॉन आणि म्युऑन मोडताना न्यूट्रिनो निघतात. न्यूट्रिनोला खडकाचं काही वाटत नाही, तो अख्खी पृथ्वी ओलांडून जातो. क्वचित एखादा खडकात अडखळतो आणि म्युऑन निर्माण करतो. जमिनीवर हे दिसणार नाही, कारण वरून येणाऱ्या म्युऑनांची गर्दी. पण जिथे वरून काहीच येत नाही, तिथे आलेला म्युऑन हा न्यूट्रिनोचाच. कोलारच्या शून्यानं सांगितलं की अशी शांत जागा आपल्यापाशी आहे. १९६३ साली मेनन, रमण मूर्ती, श्रीकांतन आणि मियाके यांनी हा विचार निबंधात मांडला.

मग टाटा संस्था, ओसाका आणि इंग्लंडचं डरहॅम विद्यापीठ यांनी मिळून २.३ किलोमीटर खोलीवर उपकरणं उभारली. इथे थोडे फार म्युऑन वरून येत, पण ते जवळजवळ सरळ खाली. म्हणून उपकरणं भिंतीसारखी उभी लावली, आडवे येणारे कण पकडायला. प्रकाश देणाऱ्या प्लॅस्टिकच्या दोन भिंती, मध्ये शिसं आणि निऑनच्या नळ्यांच्या रांगा. कण गेला की त्याच्या वाटेतल्या नळ्या चमकतात आणि कॅमेरा चित्र घेतो. अपेक्षित घटना वर्षभरात बोटांवर मोजण्याइतक्या.

१९६५ साली त्या आल्या. वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंचा जगातला पहिला छापील वृत्तांत कोलारचा, १५ ऑगस्ट १९६५च्या अंकातला. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत फ्रेडरिक राइन्स यांच्या गटाचा वृत्तांत पंधरा दिवसांनी छापून आला. प्रत्यक्ष घटना मात्र त्यांना काही आठवडे आधी दिसली होती. पहिलं कोण, याचं उत्तर तुम्ही कशाला पहिलं म्हणता त्यावर आहे. माझ्या लेखी दोघेही. भाभांना हे यश पाहायला मिळालं. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लांच्या विमान अपघातात ते गेले.

एवढ्यावर थांबलं तर गोष्ट गोड होईल. पण सिद्धांत वाट दाखवतो तसा चकवाही देतो. १९७३–७४ मध्ये एकीकडे जोगेश पती आणि अब्दुस सलाम यांनी आणि दुसरीकडे जॉर्जी आणि ग्लॅशो यांनी असं मांडलं की, प्रोटॉनही अमर नाही. तो मोडतो, फक्त त्याला १ वर ३० शून्यं इतकी किंवा त्याहून अधिक वर्षं लागतात. एका प्रोटॉनपाशी इतकी वर्षं बसता येत नाही, पण तितके प्रोटॉन एकत्र ठेवून वर्षभर बसता येतं. कोलारला १४० टन लोखंडाच्या पट्ट्यांमध्ये काउंटर बसवून १९८० च्या अखेरीस प्रयोग सुरू झाला. पुढे त्याहून मोठा दुसराही उभा राहिला. काही घटना मिळाल्या, ज्या प्रोटॉन मोडल्यासारख्या दिसत होत्या. तशा त्या छापल्याही. जगभर चर्चा झाली. पण अमेरिकेतल्या आणि जपानमधल्या हजारो टन पाण्याच्या टाक्यांत प्रोटॉन काही मोडला नाही. आज ही मर्यादा १ वर ३४ शून्यं इतक्या वर्षांच्या पुढे गेली आहे. १९७५ साली कोलारच्या गटानं आणखी काही चमत्कारिक घटना प्रसिद्ध केल्या होत्या, ज्यांत कणांच्या वाटा खडकात नव्हे तर बोगद्याच्या हवेत फुटलेल्या दिसत. त्यांनाही दुसऱ्या कोणाकडून दुजोरा मिळाला नाही. मोजक्या घटनांवर मोठा निष्कर्ष काढण्याचा मोह वाईट. पण त्या लपवून ठेवल्या असत्या तर ते अधिक वाईट झालं असतं. त्यांनी छापल्या, म्हणून इतरांना तपासता आल्या.

जपानची कामिओकांदे टाकीही प्रोटॉनसाठीच बांधलेली. प्रोटॉन मोडला नाही, पण १९८७ साली एका फुटलेल्या ताऱ्याचे न्यूट्रिनो तिथे आले. तिच्या जागी आलेल्या मोठ्या टाकीनं १९९८ साली दाखवलं की, वातावरणातले न्यूट्रिनो वाटेत रूप बदलतात. त्याबद्दल ताकाकी काजिता यांना २०१५ सालचं नोबेल विभागून मिळालं. हे तेच न्यूट्रिनो, जे १९६५ साली कोलारला दिसले होते.

कोलारला मात्र सोनं परवडेनासं झालं. खोलवरचे बोगदे एकेक करून सोडले गेले, १९९२च्या सुमारास प्रयोग बंद पडले आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणच बंद झाली. पंप थांबले की खाणीत पाणी भरतं, तसं भरलं. भारताकडे असलेली ती शांत जागा गेली. तिची जागा घेण्यासाठी तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या डोंगराखाली ५० हजार टन लोखंडाची न्यूट्रिनो वेधशाळा योजली. केंद्रीय मंत्रिमंडळानं २०१५ च्या जानेवारीत तिला मान्यता दिली, पण जंगल, पाणी आणि डोंगराच्या प्रश्नांवरून तीव्र विरोध झाला आणि राज्य सरकारनंही नकार कळवला. त्या वादात लोकांच्या शंकांना वेळेवर आणि त्यांच्या भाषेत उत्तरं दिली गेली नाहीत, असं मला वाटतं. मदुराईला तिचं छोटं प्रतिरूप तेवढं चालू झालं. या प्रकल्पाच्या निमित्तानं २००८ पासून एक पदवी प्रशिक्षणक्रम सुरू झाला, ज्यात विद्यार्थ्याला क्षेत्रसिद्धांताचा अभ्यासही करायचा आणि काउंटर जोडून त्यातून म्युऑन मोजायचेही. वेधशाळा होवो न होवो, ती मुलं तयार झाली.

कोलारची परंपरा आणखी एका ठिकाणी टिकून आहे. ऊटीला टाटा संस्थेची वैश्विक किरणांची वेधशाळा आहे. जपानी सहकारी तिथेही आहेत, ओसाकाचेसुद्धा. तिच्या ५६० चौरस मीटरच्या म्युऑन दुर्बिणीत ३,७१२ काउंटर रात्रंदिवस मोजत असतात. १ डिसेंबर २०१४ रोजी ऊटीवर मोठं वादळ झालं आणि १८ मिनिटं म्युऑनांची संख्या घटली. ढगातल्या विद्युतदाबानं धन भाराचे म्युऑन मंदावले होते. किती मंदावले, यावरून संशोधकांनी गणकयंत्रावर हिशेब मांडला. ढगातला दाब सुमारे १३० कोटी व्होल्ट निघाला. २०१९ साली तो प्रसिद्ध झाला. गडगडाटी ढगात १०० कोटी व्होल्टपर्यंत दाब असू शकेल, असा अंदाज नव्वद वर्षांपूर्वी एका माणसानं कागदावर बांधला होता. त्यांचं नाव सी. टी. आर. विल्सन. ज्या क्लाउड चेंबरमध्ये पॉझिट्रॉन दिसला, तसली पेटी पहिल्यांदा त्यांनीच बनवली होती.